कौल, पितृपक्ष आणि बायच्या हृदयाचं ऑपरेशन

मुलीचं ऑपरेशन ठरत होतं तेव्हा मी नेटवर मराठीत खूप शोधलं. ऑपरेशन कसं करतात ते सापडलं, पण घरातली मोठी माणसं देवाचं कारण सांगून नको म्हणत असतील तर काय करायचं यावर एक तर 'अंधश्रद्धा सोडा' असं भाषण नाहीतर कुठल्यातरी महाराजांची जाहिरात, मधलं काहीच नाही. आमचं सगळं त्या मधल्या जागेतच झालं म्हणून तारखांसकट लिहून ठेवतोय. मुलीचं खरं नाव लिहीत नाही, घरी सगळे तिला बाय म्हणतात, तेच इथे.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, गाव आतल्या भागात, मी चिपळूणला नोकरीला, बायको आणि बाय गावात आईबाबांजवळ. मार्च २०२३ मध्ये अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम आली होती. आरबीएसके म्हणतात त्याला, गाडीवर लिहिलेलं असतं, डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट असे येतात आणि सगळ्या पोरांचं वजन-उंची घेऊन तपासतात. बाय तेव्हा सव्वादोन वर्षांची आणि वजन साडेआठ किलोच्या आतच. त्यातल्या मॅडमनी तिच्या छातीवर स्टेथोस्कोप लावला तो काढेचनात, मग दुसऱ्या डॉक्टरना बोलावलं. हिला, म्हणजे बायकोला, विचारलं, बायला दूध पिताना घाम येतो का, धाप लागते का, सर्दी छातीत उतरते का. सगळ्याला हो. घरात आजवर सगळे म्हणायचे की आपल्यात पोरं लहानपणी काटकुळीच असतात, नंतर भरतात.

त्यांनी रेफरचा कागद दिला. हा कागद जपा, पुढे प्रत्येक टेबलावर पहिला हाच मागतात.

एप्रिलमध्ये जिल्हा रुग्णालयात टू-डी इकोचं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं, शिबिर होतं, त्यासाठी बाहेरून हृदयाचे डॉक्टर येतात. सकाळी आठला नंबर लावला आणि दुपारी तीनला आत गेलो. इकोला मूल हलता कामा नये म्हणून झोपेचं औषध देतात, आमची बाय ते थुंकली, परत दिलं, परत थुंकली, शेवटी हिने मांडीवर थोपटून झोपवली. (आदल्या रात्री मूल थोडं उशिरा झोपवा आणि सकाळी लवकर उठवा, तिथल्या सिस्टरनीच सांगितलेली युक्ती.) रिपोर्ट आला व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, ८ मिमी, आणि फुप्फुसातलं प्रेशर वाढलेलं. लहान भोकं कधीकधी आपोआप बुजतात, हे बुजणाऱ्यातलं नाही म्हणाले. आणि एक गोष्ट दोनदा सांगितली, की सहा महिन्यांच्या आत करा, कारण जास्तीचं रक्त फुप्फुसात जाऊन जाऊन तिथल्या रक्तवाहिन्या कडक होतात, आणि एकदा त्या झाल्या की मग भोक बंद करता येत नाही, केलं तर जिवाला धोका. तोपर्यंत लघवी जास्त होण्याचं औषध, रोज, न चुकता.

आता घर. आमचे बाबा गावातले मानकरी. देवळात आमच्या घराण्याचा मान आहे, शिमग्याला पालखी पहिली कुणाच्या दारात थांबायची ते ठरलेलं आहे, आणि घरात कुठलंही मोठं काम देवीचा कौल घेतल्याशिवाय होत नाही, विहीर खोदायची असो की माझं लग्न. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी पाण्याने कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवीकडची आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मे महिन्यात बाबांनी कौल लावला. पोरीच्या छातीला सुरी लावायची का, असं विचारलं. डावी पडली.

संपलं. बाबा घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "आई नको म्हणत्येय." बायको आत गेली ती बाबांशी नंतर कित्येक दिवस बोललीच नाही, ताट वाढायची आणि निघून जायची.

इथे बरेच जण मला विचारतात की सही तर आईबापाची लागते, आजोबांची नाही, मग सरळ उचलून न्यायचं ना. कायद्याने बरोबर. पण एकत्र घरात मुंबईला महिनाभर जायचं म्हणजे भातलावणी कोण बघणार, गुरं कोण बघणार, पैसे कुणाच्या पासबुकात आहेत, आणि ऑपरेशननंतर हे पोर ज्या घरात परत येणार तिथे कायम 'देवीचा कौल मोडून आणलेलं' म्हणून वाढणार का, हे सगळं असतं. उद्या तिला साधा ताप आला तरी बोट तिकडेच गेलं असतं. मला बाबांचा होकार हवा होता, आणि तो मिळाला नाही तर त्यांच्याशिवाय जायचं हेही आमचं दोघांचं ठरलं होतं, दोन्ही खरं.

मध्येच आईने एक जाणता, म्हणजे बाधा बघणारा भगत, गाठला, शेजारच्या गावातला. त्याने बाहेरची बाधा सांगितली, दंडाला काळा दोरा, रोज अंगारा, आणि तीन अमावास्या थांबा, जूनची, जुलैची, ऑगस्टची. अकराशे रुपये आणि एक कोंबडा. तोवर डॉक्टरचं औषध बंद ठेवा, दोन्ही एकमेकांना मारतात म्हणे. हे ऐकल्यावर मात्र ही उठून आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, दोरा बांधा, अंगारा कपाळाला लावा, पण औषध बंद होणार नाही आणि अंगारा पोटात जाणार नाही. त्या दिवसापासून औषधाची बाटली तिच्या कपाटात, किल्ली मंगळसूत्राला. जाणत्यावर तक्रार करायचंही माझ्या डोक्यात आलं होतं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे आपल्याकडे, वाचून काढला, त्यात कुत्रा, साप, विंचू चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देणं असं स्पष्ट लिहिलंय, हृदयाच्या भोकाचं नाव नाही, आणि तक्रार करायची तर साक्षीला माझीच आई. ते तिथेच सोडलं.

या सगळ्या काळात मी एक काम गुपचूप चालू ठेवलं आणि तुम्हालाही तेच सांगेन, घरचं पटेपर्यंत कागद थांबवू नका. कागदांना घरच्या भांडणापेक्षा जास्त वेळ लागतो. बायचं नाव रेशनकार्डावर नव्हतं. ते घालायला तहसीलच्या पुरवठा शाखेत जन्मदाखला लागतो, जन्म चिपळूणच्या दवाखान्यात म्हणून दाखला नगरपरिषदेतून, त्यात हिच्या नावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं, ते दुरुस्त, मग बायचं आधार. पाच वर्षांखालच्या मुलांचं निळं आधार असतं, बोटांचे ठसे घेत नाहीत, आईचे किंवा बापाचे चालतात. पुरवठा शाखेतले साहेब कधी मीटिंगला, कधी निवडणुकीच्या कामाला, जून अख्खा यात गेला. आमचं कार्ड केशरी, महात्मा फुले योजनेत (सरकारची मोफत उपचारांची योजना) पिवळं आणि केशरी दोन्ही चालतं. प्रत्येक कागदाच्या पाच-सहा झेरॉक्स एका फाइलमध्ये आणि सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा, मोबाइलमधले फोटो मला तर फाइलपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडले.

जुलैत आरबीएसकेच्या मॅडमनी मुंबईच्या एका हॉस्पिटलची तपासणीची तारीख मिळवून दिली. आईबाबांना 'दाखवून आणतो, ऑपरेशन नाही' एवढंच सांगितलं, आणि ते खरंही होतं. तिथे परत इको, ईसीजी, एक्स-रे, रक्त, आणि दातांची तपासणी. दात का, तर किडलेल्या दातातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाऊन तिथे बसू शकतात, म्हणून आधी दात साफ. खर्चाचं एस्टिमेट मिळालं, योजनेच्या खिडकीत आरोग्यमित्र बसतो त्याने फाइल घेतली. आम्ही परत आलो तोवर अधिक श्रावण लागलेला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट, म्हणजे बाबांच्या हिशोबाने तसंही काही करायचं नाहीच.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बायला न्यूमोनिया झाला. रात्री अडीचला तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या, नाकपुड्या फुगत होत्या. १०८ ला फोन केला, पावसात रस्ता खचलेला, गाडी वरच्या वाडीपर्यंतच आली आणि बाबांनी तिला घोंगडीत गुंडाळून छातीशी धरून चढावर नेली. पुढे जिल्हा रुग्णालयात ऑक्सिजनवर होती. बाबा बाहेरच्या बाकावर बसून राहिले, घरी जा म्हटलं तरी गेले नाहीत. तिथल्या मुलांच्या डॉक्टरनी त्यांना आत बोलावलं, एक्स-रे दिव्यावर लावला आणि विचारलं, काका शेती करता ना? वरचा बांध फुटलाय, सगळं पाणी एकाच कुणग्यात चाललंय, तिथलं रोप कुजतंय आणि दुसरं वाळतंय, औषधाने पाणी उपसतोय आपण पण बांध कधीतरी घालावाच लागणार. देवाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मी एप्रिलपासून जे पडदा, कप्पा, प्रेशर करून सांगत होतो ते बाबांना त्या एक्स-रेसमोर कळलं.

कळलं तरी कौल होताच. तो सोडवला माझ्या आत्याने. आत्या बाबांपेक्षा मोठी, शाळेत कधी गेली नाही, पण गावची रहाटी तिला तोंडपाठ. ती बाबांना म्हणाली, "तू इचारलंस काय? छातीला सुरी लावू काय, हेच ना? कुठली आई व्हय म्हणेल? परत जा आणि नीट इचार." मला आधी वाटलं ही बाबांची समजूत घालतेय, पण गुरवालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याचं म्हणणं, कौल त्या प्रश्नाचा आणि त्या वेळेचा असतो, परिस्थिती बदलली तर गाऱ्हाणं बदलतं, पूर्वापार असंच आहे. ऑगस्टच्या शेवटी परत लावला. या वेळी गाऱ्हाणं असं की पोर अशी अशी आजारी आहे, मुंबईस न्यायची आहे, तू सोबत येतेस काय, पाठीशी उभी राहतेस काय. आम्ही सगळे मागे उभे, गुरवाच्या प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत. बराच वेळ काहीच पडेना. मग उजवी पडली.

मी देव मानतो का नाही ते मलाही नीट माहीत नाही, पण पाषाणावरच्या कळीला फुप्फुसातलं प्रेशर कळतं असं मी मानत नाही. परत डावी पडली असती तरी आम्ही जाणार होतो, बॅग कॉटखाली भरलेली होती. फक्त माझं मत असं झालंय की श्रद्धेच्याही आपल्या रीती असतात, त्यात दुरुस्ती असते, फेरविचार असतो, अगदी पुरवठा शाखेसारखं, आणि ती वाट आतल्या जाणत्या माणसालाच ठाऊक असते. आपण बाहेरून 'हे सगळं खोटं आहे' म्हणत बसलो तर ती वाट आपल्याला कुणी दाखवत नाही. तुमच्या घरात तसं माणूस कोण आहे ते शोधा. बहुतेक वेळा ती एखादी म्हातारी बाईच असते.

न्यूमोनियानंतर छाती पूर्ण साफ व्हायला वेळ द्यायचा होता. गणपती १९ सप्टेंबरला, घर चाकरमान्यांनी भरलेलं, आणि गौरी जेवल्या त्या दिवशी फोन आला. ३ ऑक्टोबरला ॲडमिट, ५ ला गुरुवारी ऑपरेशन. सगळे आनंदात, आणि आतून आई म्हणाली, पितृपक्षात?

खरंच पितृपक्ष होता, १४ ऑक्टोबरला सर्वपित्री. आईबाबा दोघंही परत अडले. साधा फ्रीज कुणी घेत नाही त्या पंधरवड्यात. मी हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरना फोन केला, मॅडम, नवरात्रात जमेल का? त्या म्हणाल्या ही सोडली तर पुढची दिवाळीनंतर, आणि तुमच्यासारखं विचारणारे खूप असतात, म्हणूनच या दिवसांत तारखा लवकर मिळतात. हे मात्र लिहून ठेवा, पितृपक्षात, अमावास्येला बरेच जण तारीख नाकारतात, ज्यांची तयारी असेल त्यांचा नंबर पुढे सरकू शकतो. परत आत्याच. ती म्हणाली, पितर याच दिवसांत घरी येतात ना, मग घरात एवढी माणसं राखणीला असताना पोरीला नेणार नाही तर कधी नेणार? बाबांनी शेवटी असं ठरवलं की मुंबईला ते येणार नाहीत, त्याच आठवड्यात आजोबांचा म्हाळ होता, तो ते गावी घालणार आणि आम्ही जायचं.

निघण्याच्या आदल्या रात्री मी बाबांना सांगितलं की ऑपरेशनला अंगावर दोरा, मनगट्या, ताईत काही ठेवत नाहीत, जंतू राहतात त्यात. ते कात्री घेऊन आले आणि जाणत्याचा दोरा त्यांनी स्वतः कापला. ही गोष्ट घरीच, घरच्या मोठ्या माणसाच्या हातून करून घ्या. वॉर्डात आमच्या समोरच्या कॉटवर सिस्टरनी दोरा कापला तर तिथल्या आजीने जो आकांत मांडला तो ऑपरेशनच्या दारापर्यंत चालू होता, आणि ते पोर बिचारं घाबरून रडतंय.

प्रवासाचं एक. हृदयाच्या ऑपरेशनला जाणाऱ्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेत सवलत असते, हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यात सहीशिक्क्याचा फॉर्म लागतो आणि तिकीट काउंटरवरच काढावं लागतं. आम्हाला ते परत येताना कळलं.

रक्ताची सोय करायला सांगितली होती, कुठलाही गट चालेल, बदली डोनर म्हणून. आमच्या गावाचं मुंबई मंडळ आहे, ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि नालासोपारा, दिवा, कुठून कुठून पोरं आली. एकाने गणपतीत नवीन टॅटू काढलेला म्हणून बाद, एक उपाशीपोटी आलेला त्याला आधी वडापाव खाऊन ये म्हणून पाठवला. तुम्ही बोलावताना दोन-तीन जास्तच बोलवा.

४ तारखेला संमतीचे कागद. सगळं वाचून दाखवतात, छातीचं हाड मधोमध कापणार, हृदय थांबवून हार्ट-लंग मशीनवर ठेवणार, भोकाला ठिगळ लावणार, आणि मग काय काय होऊ शकतं त्याची यादी. सही करताना माझा हात थरथरत होता, हिने केली व्यवस्थित. सर्दी-ताप असेल तर आयत्या वेळी पुढे ढकलतात, म्हणून आधीचे पंधरा दिवस आम्ही तिला गणपतीच्या गर्दीतून लांब माडीवर ठेवलं होतं आणि माडीवर जाणाऱ्याला मास्क. त्यावरून नातेवाईक रुसले, रुसू देत.

५ तारखेला साडेसातला आत नेली. साडेबाराच्या सुमारास सर्जन बाहेर आले, ठिगळ नीट बसलंय म्हणाले. संध्याकाळी आयसीयूत एकेकाला पाच मिनिटं सोडलं. तोंडात नळी, छातीतून नळ्या, पोटाजवळून बारीक वायरी. कुणीतरी हे आधी सांगायला हवं होतं म्हणून सांगतो, मूल सुजलेलं दिसतं, ओळखू येत नाही, आणि ते तसंच असतं. दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर काढला, नळ्या नंतर एकेक करून. बाबा दिवसातून किती फोन करायचे त्याला गणती नाही आणि प्रत्येक वेळी पहिला प्रश्न, दूध प्यायली काय.

१३ ऑक्टोबरला डिस्चार्ज. ऑपरेशनचं बिल शून्य. आमचे गेले ते प्रवास, खाणं, बाहेरची काही औषधं, डोंबिवलीला मावशीकडून रोजचं येणं-जाणं, सगळे मिळून साधारण तीस हजार, शिवाय माझी बिनपगारी रजा. योजनेत बसलं तरी एवढे हातात ठेवा.

घरी आल्यावर दीड महिना तिला काखेत धरून उचलायचं नाही, मानेखाली आणि बुडाखाली हात घालून उचलायचं, कारण छातीचं हाड जुळत असतं. हे आईला शिकवायला वेळ लागला, तिचे हात सवयीने काखेतच जायचे. जखमेवर तेल, हळद, अंगारा काही नाही. या वेळी आईने स्वतःच अंगाऱ्याची पुडी देव्हाऱ्यात ठेवून दिली, बायच्या उशाला नाही.

मार्च २०२४ च्या शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा बायचं वजन साडेअकरा किलोच्या वर गेलं होतं. बाबांनी बोललेला नवस होता, देवीची ओटी आणि नारळांचं तोरण, ते त्यांनी दिलं. गुलाल आणि ढोलाच्या गर्दीत न्यायचं का ते मी आधी डॉक्टरना फोन करून विचारलं, जखम भरल्येय, न्या म्हणाले.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. बायको बाबांशी बोलते, त्यांचा चहा करते, पण मे ते ऑगस्ट हे महिने फुकट गेले आणि तो न्यूमोनिया टळला असता असं ती आजही म्हणते, आणि डॉक्टरांची मुदत बघता तिचं चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. बाबा म्हणतात देवीने वाट दाखवली. दोघांनाही मी समोरासमोर हा विषय काढू देत नाही.

आता औषधं बंद आहेत. ऑपरेशननंतर सहा महिने दाताचं काहीही काम असेल तर आधी अँटिबायोटिक लागतं, फाइल दाखवल्याशिवाय दाताच्या डॉक्टरकडे बसवू नका. वर्षाचा इको झाला, ठिगळाच्या कडेने गळती नाही, प्रेशर उतरलंय. पुढच्या इकोच्या तारखेचा कागद बाबांनी कालनिर्णयला पिनने लावून ठेवलाय. गावातल्या दुसऱ्या एका घरात तसंच भोक निघालंय लहान मुलाला, त्यांच्याकडे आत्या जाऊन आली, आता कागदांसाठी मी जाणार आहे, त्या मुलाचंही नाव रेशनकार्डात नाही.